हळदीतलं शिसं पकडणारं यंत्र: वसमतहून अनुभव

आमची हळद दळायची छोटी गिरणी आहे. गिऱ्हाईक विचारतं, "रंग मारलेला नाही ना?" रंग म्हणजे लेड क्रोमेट, पिवळाधमक, पण त्यात शिसं. म्हणून काडेपेटीएवढं, मोबाईलला जोडायचं हे यंत्र साडेआठ हजाराला घेतलं.

काम असं: कार्बनच्या छापील पट्टीवर ऋण विद्युतदाब (व्होल्टेज) दिला की द्रावणातलं शिसं तिच्यावर जमतं. मग दाब हळूहळू वाढवला की ते परत विरघळतं आणि आलेखात उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास टोक उठतं. टोक जितकं उंच, तितकं शिसं जास्त.

जाहिरातीत "चिमूटभर हळद पाण्यात टाका" असं होतं. ते खोटं! लेड क्रोमेट पाण्यात विरघळतच नाही. पुतण्यानं नांदेडला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लात पूड शिजवली, तेव्हा कुठं जमलं. हे घरच्या चुलीवर करू नका बरं. पहिल्या दिवशी आम्ही बोअरचं पाणी वापरलं, तर हळद न घालताच आलेखात भलतेच उंचवटे. डिस्टिल्ड पाण्यानं ते गेले.

आमच्या सेलम जातीच्या हळदीत टोक दिसलं नाही. आठवडी बाजारातल्या सुट्या पुडीत मात्र चांगलंच उठलं. कायद्यानं हळदीत शिशाची मर्यादा किलोमागे 10 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली की नाही, हे या यंत्राच्या भरवशावर मी कुणाला सांगणार नाही, त्याला मोठी लॅबच. चाळणी म्हणून ठीक. पट्ट्या मात्र एकदाच चालतात आणि महाग पडतात. पाचपैकी तीन तारे.