"कडक आहे, सवय नाही तुम्हाला" म्हणत मला नकली सिगार विकले

फुल बॉडी क्यूबन सिगार म्हणून मला 25 चा अख्खा बॉक्स नकली विकला गेला, आणि जास्त राग याचा येतो की चार सिगार ओढून होईपर्यंत मी त्या विकणाऱ्याचंच खरं मानत होतो.

ऑनलाइन ओळख झाली होती, पार्तागास या क्यूबन ब्रँडचा सेरी डी नंबर 4 आहे म्हणाला. आधी एक सुटा ओढून बघायला दिला आणि तो अस्सल होता, त्याबद्दल मला आजही शंका नाही. सुरुवातीला मिरीसारखा तिखटपणा, मग कॉफी, चामडं, धूर असा दाट की झुरका सोडल्यावरही चव जिभेवर बसून राहायची, थोडा धूर नाकातून सोडला तरी झणझणीत पण छान वाटायचं. शेवटच्या तिसऱ्या भागात डोकं जड झालं पण घशाला काही त्रास नाही. लगेच पूर्ण पैसे पाठवले.

बॉक्समधला पहिला पेटवला आणि तिसऱ्याच झुरक्याला घसा सोलून निघाला. कडू, जिभेला टोचणारा, अमोनियासारखा वास, राख तर भुसभुशीत, अंगावरच पडत होती. विचारलं तर म्हणे अहो फुल बॉडी आहे, कडकच असणार, सवय नाही तुम्हाला. मी गप्प बसलो. मग म्हणाला महिनाभर ह्युमिडॉरमध्ये (सिगारसाठी ओलावा टिकवणारी पेटी) ठेवा, तेही केलं, 65 ते 68 टक्के आर्द्रतेवर, काही फरक नाही.

इथेच सगळे फसतात म्हणून नीट सांगतो. स्ट्रेंग्थ म्हणजे निकोटिनचा जोर, तो डोक्यात आणि पोटात कळतो, घाम येतो, मळमळतं. बॉडी म्हणजे तोंडात धूर आणि चव किती भरीव लागते ते. घसा खरवडणं या दोन्हीत येत नाही, ती खराब किंवा नीट न मुरलेली तंबाखू असते. कडकपणा येतो तो लिगेरोमुळे, म्हणजे झाडाच्या वरच्या भागातली जाड पानं ज्यांना ऊन जास्त मिळतं, ती सावकाश जळतात म्हणून सिगारच्या मधोमध घालतात. चांगल्या लिगेरोचा दणका बसतो पण तो घसा नाही सोलत, आणि मिनिटाला एक झुरका घेतला तर चव बदलत जाते. माझ्या चारही सिगारमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसता जळका कडवटपणा, बदल काहीच नाही.

पाचवा सरळ ब्लेडने उभा कापला. या सिगारमध्ये टोकापासून टोकापर्यंत लांब पानं असायला हवीत (लाँग फिलर म्हणतात), माझ्यात निघाला चुरा, काड्या आणि पानांच्या जाड शिरा.

मग बॉक्स बघितला, जो खरं तर आधीच बघायला हवा होता. खालच्या बाजूला महिन्याचा शिक्का असतो, क्यूबात तो स्पॅनिशमध्ये मारतात, म्हणजे एप्रिल असेल तर ए-बी-आर. माझ्या बॉक्सवर चक्क ए-पी-आर! हिरव्या-पांढऱ्या वॉरंटी सीलवर 2010 पासून बारकोड येतो आणि तो हाबानोसच्या (क्यूबन सिगार विकणारी अधिकृत कंपनी) वेबसाइटवर टाकून तपासता येतो, माझ्या सीलचा नेमका तेवढाच तुकडा फाटलेला होता, कस्टम्सवाल्यांनी उघडताना फाडला म्हणे, आणि मला ते पटलं पण होतं!! सुटा सिगार कितीही भारी निघो, बॉक्स हातात घेऊन शिक्का आणि सील बघितल्याशिवाय, दोन-तीन सिगार मधूनच स्वतः उचलून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

फोटो पाठवल्यावर त्याने ब्लॉक केलं, पैसे गेले. उरलेले वीस कापून पाण्यात भिजवून टाकले, दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नकोत. परवा त्याच बॉक्सच्या फोटोची जाहिरात वेगळ्या नावाने दिसली, झूम करून बघितलं, शिक्का तोच, ए-पी-आर.