ऑरगॅनिक भाकरीचं हॉटेल : आठ महिने, वीसेक जेवणं आणि शेवटचं एक

कोथरूडमधल्या या 'ऑरगॅनिक भाकरी'वाल्या हॉटेलात मी मागच्या ऑक्टोबरपासून जातोय. महिन्यातून दोन-तीनदा, म्हणजे वीसेक जेवणं सहज झाली. नाव मुद्दाम टाकत नाही. मालकांना वाचल्यावर कळेलच.

सुरुवातीचे महिने झकास गेले. आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला ओटा आणि त्यावर परातीत भाकरी थापणाऱ्या मावशी. एका भाकरीपुरतंच पीठ घ्यायच्या, कढत पाण्यात मळायच्या, थापायच्या, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायच्या. उलटली की जाळावर टम्म. ताटात येईपर्यंत पापुद्रा सुटलेला, आत वाफ. सोबत लोखंडी कढईतलं पिठलं, लसूण घालून केलेला ठेचा, कांदा. जानेवारीत भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी मिळाली होती, त्या दिवशी तर मी तीन खाल्ल्या. ५० रुपयांना एक भाकरी महाग वाटायची, पण पुण्यात राहून घरी रोज कोण थापतंय, म्हणून गप्प बसायचो.

मार्चपासून चव हलली. भाकरीच्या कडा चिरलेल्या येऊ लागल्या. ज्यांच्या घरी भाकरी होते त्यांना हे सांगायला नको: पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवायची ताकद, गेली की असंच होतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, त्यामुळे सगळी भिस्त ताज्या पिठावर आणि कढत पाण्यावर. महिनाभर पडून राहिलेलं पीठ कितीही सेंद्रिय असलं तरी थापताना तुटणारच. मे महिन्यात तर बाजरीची भाकरी चक्क कडू लागली. बाजरीत तेलाचा अंश जास्त, उन्हाळ्यात दळून ठेवलेलं पीठ आठवड्याभरात खवट होतं. वेटरला सांगितलं तर म्हणाला, "काका, ऑरगॅनिकला अशीच चव असते." बरं बाबा.

तरीही जूनमध्ये आईला घेऊन गेलो. ती मंगळवेढ्याची. आणि यांच्या मेनूकार्डावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी'. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा नावाला वजन आहे. मला वाटलं, आई खूश होईल.

ओट्यावर मावशी नव्हत्या. तिथे आता सेल्फीसाठी बैलगाडीचं चाक लावलंय. मावशी गावाला गेल्यात म्हणे. अर्ध्या तासाने ताटं आली. आईने भाकरी हातात घेतली, मोडली आणि मोडलेली कड दिव्याकडे धरून बघितली. पापुद्रा नव्हताच. आतून सलग, पांढरट, आणि मोडण्याऐवजी ताणली जात होती.

"ही थापलेली न्हाई, दाबलीय," ती म्हणाली. मग एक घास खाऊन, "आन् ह्यात कणीक हाय."

मी वेटरला बोलावलं. पोरगं नवीन होतं, त्यामुळे खरं बोललं. "काका, मशीनवर करतो आता. तुटायला लागली की थोडं गव्हाचं पीठ घालतात."

इथे माझं डोकं फिरलं. चव बिघडली तर मी दुसरीकडे जाईन, पण कार्डावर त्याच भाकरीसमोर 'ग्लुटेन-फ्री', म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन नसलेली, असं छापलंय. सीलिएकचा, म्हणजे ग्लुटेन न सोसणारा, रुग्ण विश्वासाने हे खाईल आणि आजारी पडेल. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको. इथे मूठभर कणीक घालून वर तोच शिक्का. मॅनेजरना दाखवलं. ते म्हणाले, "कार्ड जुनं आहे." भाव मात्र त्यावर नवीन स्टिकर लावून ६५ केलाय.

मग सेंद्रियचं विचारलंच. प्रमाणित सेंद्रिय मालाच्या पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह असतं, ते दाखवता का? "आमचं थेट शेतकऱ्याकडून येतं सर." छोटा शेतकरी स्वतः थेट खाणाऱ्याला विकतो तेव्हा प्रमाणपत्राची सक्ती नसते, हे ठीक. पण इथे मध्ये हॉटेल आहे आणि भाव सेंद्रियचा लावलाय. गावाचं नाव विचारलं तर मॅनेजर आईकडे बघून हसले. आई हसली नाही.

बाकी ताटाचं थोडक्यात: पिठलं कोमट आणि वर साय धरलेलं, ठेचा फ्रीजमधला, ताक मात्र उत्तम. ताकाला पैकीच्या पैकी.

दोघांचं बिल ७६० रुपये, त्यात सर्व्हिस चार्ज आपणहून घातलेला. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो न विचारता लावायला मनाई केलीय, असं सांगितल्यावर लगेच काढला. म्हणजे माहीत होतं. मॅनेजर दारापर्यंत आले, "पुढच्या वेळी एक भाकरी आमच्याकडून." आई चप्पल घालता घालता म्हणाली, "ह्येच घरला न्हेतो, राहू द्या," आणि उरलेली दीड भाकरी कागदात बांधून घेतली. अन्न टाकायचं नाही, हा तिचा नियम.

तुम्हाला जायचंच असेल तर दुपारी एकच्या आत जा आणि आधी ओट्याकडे बघा. मावशी दिसल्या तर बसा. नसतील तर थालीपीठ मागवा, त्यात तसंही सगळी पिठं असतात, फसवणूक होत नाही. गहू चालत नसेल तर मात्र या हॉटेलात पाऊल टाकू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या दीड भाकरीची फोडणीची भाकरी करायला घेतली. शिळी ज्वारीची भाकरी बोटांत भुगा होते. ही होईना. तिने पाच मिनिटं झटापट केली, मग भाकरी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "कात्री आण."