यूव्ही टॉर्च आणि भिंगाचा सेट: जुन्या बाजारातल्या भांड्याचं वय खरंच कळतं का?

आधीच सांगून टाकते, वय कळत नाही. खोक्यावर 'अस्सल अँटिक क्षणात ओळखा' असं छापलंय, त्यासाठी घेणार असाल तर राहू द्या. पण सेट मी परत केलेला नाही आणि करणारही नाही, कारण आतल्या दोन मुख्य वस्तूंपैकी एक भन्नाट आहे, फक्त ज्या वस्तूची एवढी जाहिरात चाललीय ती ही नव्हे.

आत येतं काय तर ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, पिवळ्या काचांचा चष्मा, चार्जिंगची वायर आणि एक पातळ माहितीपत्रक जे न वाचता फेकलं तरी काही बिघडत नाही.

टॉर्च वस्तू म्हणून चांगली आहे, तिथे काही तक्रार नाही. स्वस्तातल्या टॉर्च बहुतेक ३९५ वाल्या असतात, त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की भांड्यावरची बारीक चमक त्यात बुडून जाते. ही ३६५ ची आहे आणि पुढे काळ्या काचेचा फिल्टर आहे, त्यामुळे जांभळा उजेड बराच अडतो. खोली पूर्ण अंधारी करायची, डोळ्यांना सवय होऊ द्यायची आणि मग भांडं हळूहळू फिरवत बघायचं. इपॉक्सी, बरेचसे गोंद, नंतर मारलेला रंग किंवा वार्निश हे सगळं आजूबाजूच्या झिलईपेक्षा (भांड्यावरच्या काचेसारख्या थरापेक्षा) वेगळं चमकतं, कधी दुधी निळसर, कधी पिवळट. फुलदाणीचा कान जोडलाय, किटलीच्या तोटीचं टोक नवीन बसवलंय, कडेचा टवका भरून वरून रंग मारलाय, हे दिवसाउजेडी अजिबात न दिसणारं काम इथे उघडं पडतं, आणि त्या कामासाठी टॉर्चला पूर्ण मार्क.

पण बघा, घराला नवा रंग मारलाय एवढं कळलं म्हणून घर कधी बांधलं ते कळत नाही ना, तसंच आहे हे. टॉर्च सांगते ती भट्टीतून निघाल्यानंतरची भानगड. भट्टीत कधी गेलं होतं त्याबद्दल ती गप्प. उलट नकली माल बनवणारे कधीकधी भांडं मुद्दाम फोडून जोडतात, म्हणजे घेणाऱ्याला वाटावं की एवढ्या मेहनतीने जोडलंय तर जुनंच असणार. तिथे टॉर्च प्रामाणिकपणे जोड दाखवणार आणि आपण त्यावरून भलताच निष्कर्ष काढणार.

अजून दोन गोष्टी माहितीपत्रकात नाहीत. एक, भांडं डिटर्जंटने धुऊन लगेच टॉर्च मारू नका, पावडरमधली पांढरेपणा आणणारी रसायनं राहिली तर निळं चमकतं, फडक्याचे तंतू तर असे उजळतात की दचकायला होतं. साध्या पाण्याने नीट धुवा, वाळू द्या, मग बघा. दोन, चांगले दुरुस्तीवाले न चमकणारं साहित्य वापरू शकतात, तेव्हा काहीच चमकलं नाही म्हणजे भांडं अखंड असंही नाही. केसासारख्या बारीक (हेअरलाइन) तड्यासाठी तर जुना उपाय बरा, भांडं तळहातावर मोकळं धरून नखाने टिचकी मारायची. चिनी मातीचं अखंड भांडं छान वाजतं, तडा असला की बद्द आवाज येतो.

आणि जाहिरातीतली ती हिरवीगार चमकणारी वस्तू? ती युरेनियम घातलेली काच आहे, तिचा मातीच्या भांड्याशी काही संबंध नाही. गंमत म्हणजे युरेनियम मातीच्या भांड्यांच्या झिलईतही वापरलंय, फिएस्टा नावाच्या अमेरिकन भांड्यांचा १९३६ सालचा प्रसिद्ध लाल-केशरी रंग त्यातूनच यायचा, पण तो टॉर्चखाली असा चमकत नाही, त्याला गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र लागतं. असो.

आता भिंग. हे सोनाराच्या भिंगासारखं आहे, ट्रिपलेट म्हणजे तीन काचा एकत्र बसवलेलं, त्यामुळे कडेला रंग फाटत नाहीत आणि रेषा वाकड्या होत नाहीत. दहापट पुरे आहे हो, ३० पट ४० पट लिहिलेली जी मिळतात त्यांच्यात एवढंसं वर्तुळ दिसतं आणि आकडाही बऱ्याचदा फुगवलेला असतो. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि भांडं जवळ आणायचं, भांड्यावर भिंग ठेवून लांबून बघत बसलात तर काही दिसणार नाही.

सगळ्यात आधी नक्षी बघा. ठिपक्यांची सारख्या अंतराची जाळी दिसली, मासिकातल्या फोटोला असते तशी, तर ते छापील डिकल (भांड्यावर चिकटवलेलं तयार चित्र) आहे आणि भांडं विसाव्या शतकातलं किंवा त्यानंतरचं धरा, विकणारा कितीही 'पणजीच्या काळातलं' म्हणो. मात्र ठिपके दिसले की लगेच फुली मारू नका, कारण जुनी ट्रान्सफर छपाई, जी इंग्लंडमधे १७५० च्या दशकात सुरू झाली, तिच्यातही तांब्याच्या पत्र्यावर सावली दाखवायला ठिपके कोरायचे, फक्त ते हाताने कोरलेले असल्याने कुठे दाट कुठे विरळ असतात आणि त्यांच्यात रेघाही मिसळलेल्या असतात. त्या छपाईत कागदाचा तुकडा भांड्याभोवती गुंडाळायचे त्यामुळे काठाच्या नक्षीत कुठेतरी जोड असतो, वेल मधेच तुटतो किंवा अर्धं फूल दुसऱ्या अर्ध्या फुलाला भिडतं. तो जोड सापडला की मला फार आनंद होतो. पण याने छपाईची पद्धत कळते, तारीख नाही. निळ्या-पांढऱ्या विलो पॅटर्नच्या (चिनी धाटणीच्या देखाव्याच्या) बश्या अठराव्या शतकाच्या शेवटापासून आजपर्यंत बनतायत.

मग झीज. खरी झीज जिथे लागायला हवी तिथेच लागते: बुडाच्या कड्यावर, कानाच्या वरच्या बाजूला, कडेच्या सोनेरी रेघेवर. बश्या एकावर एक रचून ठेवल्या तर वरच्या बशीच्या बुडाने खालच्या बशीच्या मधोमध गोल घासलेली खूण पडते, हे नकली करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. भिंगाखाली खऱ्या ओरखड्यांचा नुसता गोंधळ असतो, लांब आखूड, आडवे तिडवे, काहींत मळ भरलेला काहींत नाही. सॅंडपेपरचे ओरखडे एका दिशेने आणि एका खोलीचे. बुडाच्या आतला खोलगट भाग, जो टेबलाला कधी टेकतच नाही, तोही तेवढाच झिजलेला दिसला तर भांडं खाली ठेवा आणि पुढच्या पथारीकडे चला.

झिलईवरच्या बारीक तड्यांच्या जाळीवर मात्र विश्वास ठेवू नका, आणि नेमकी तीच दाखवून 'बघा किती जुनं' म्हणतात. झिलई आणि खालची माती थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, ताण येतो, झिलई फाटते. हे भट्टीतून बाहेर येताच होऊ शकतं किंवा सच्छिद्र माती वर्षानुवर्षं ओलावा पिऊन फुगली की पुढे कधीतरी. चीनमधे सोंग घराण्याच्या काळात तर गुआन आणि गे प्रकारच्या भांड्यांवर मुद्दाम जाळी आणायचे. आणि चहा कॉफीच्या पाण्यात भांडं बुडवून ठेवलं की जाळी मस्त तपकिरी दिसते.

बुडावरचा शिक्का वाचायला पण हेच भिंग. अमेरिकेच्या मॅकिन्ली टॅरिफ (आयात कर) कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव बंधनकारक झालं, म्हणून 'इंग्लंड' असं लिहिलेलं भांडं साधारण त्यानंतरचं आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुतेक विसाव्या शतकातलं. जपानी मालावर आधी 'निप्पॉन' असायचं, १९२१ पासून 'जपान' लिहावं लागलं, आणि 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची काही वर्षं. इंग्लिश भांड्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा रजिस्ट्रीचा शिक्का असेल तर डिझाइन १८४२ ते १८८३ मधे नोंदवलेलं, आता डिझाइन नोंदवलं त्याच साली ती विशिष्ट बशी बनली असं नाही, हे विसरून लोक भांडतात. देशाचं नावच नाही म्हणून १८९१ च्या आधीचं, हा तर्कही लंगडा, कारण सगळा माल अमेरिकेला जात नव्हता.

आणि शिक्का खोटा असू शकतो, हे तर आहेच. निप्पॉनचे नकली शिक्के आहेत, माइसन या जर्मन कारखान्याच्या एकमेकींवर आडव्या तलवारींच्या शिक्क्याची नक्कल गेली दोन-अडीचशे वर्षं चाललीय, खऱ्या वेजवूडच्या (इंग्लिश कंपनी) स्पेलिंगमधे 'जी' नंतर 'ई' नसतो पण तो 'ई' घातलेला माल दुसऱ्यांनी काढलाय. चिनी भांड्यांवर कांगशी बादशहाचा (१६६२ ते १७२२) शिक्का एकोणिसाव्या शतकात सर्रास मारायचे, आणि खुद्द कांगशीच्या काळात त्याच्या आधीच्या मिंग घराण्यातल्या बादशहांचे शिक्के मारत होते, ते फसवायला नव्हे तर जुन्याचा मान म्हणून. त्यामुळे मी शिक्क्यावरून 'याच्या आधीचं नक्की नाही' एवढंच काढते.

कोणी 'जमिनीतून निघालंय, हजारो वर्षं जुनं' म्हणून मातीचं भांडं पुढे केलं तर हा सेट बाजूला ठेवा, आणि असं भांडं खरं असलं तर ते मुळात विकायला कुठून आलं हा कायद्याचा प्रश्न आधी विचारा. चिकटलेली माती तेवढी तपासता येते, अस्सल माती साध्या पाण्याच्या थेंबाने मऊ पडते, गोंदाने थापलेली पाण्याला दाद देत नाही. वयासाठी थर्मोल्युमिनेसन्सची टेस्ट असते. भांडं भाजलं की मातीतलं घड्याळ शून्यावर येतं आणि तिथून पुढे साचलेलं किरणोत्सर्गाचं प्रमाण, नमुना तापवल्यावर जो उजेड पडतो त्यावरून मोजतात. बुडातून चिमूटभर भुकटी ड्रिल करून काढावी लागते आणि उत्तरात वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतं, म्हणजे आजीच्या काळातली बशी की आईच्या, यासाठी ती टेस्ट निरुपयोगी. पण दोन हजार वर्षं की परवाचं, एवढं छान सांगते. तुर्कस्तानातल्या हाजिलार या प्राचीन वस्तीच्या नावाने विकल्या गेलेल्या ६६ वस्तूंची अशी तपासणी १९७१ मधे प्रसिद्ध झाली, त्यातल्या ४८ नकली निघाल्या. त्याही कोणीतरी डोळ्यांनी पारखूनच घेतल्या असणार. कार्बन डेटिंगचं नाव घेऊन कोणी सर्टिफिकेट दाखवलं तर विचारा की कशाचं केलं, कारण भाजलेल्या मातीचं वय त्यातून थेट निघत नाही, भांड्याला चिकटलेली काजळी किंवा अन्नाचा थर असेल तर त्याचं निघतं.

मार्क द्यायचे तर भिंगाला पाचपैकी साडेचार (अर्धा कापला कारण स्क्रू ढिला होतो, घडी आपोआप मिटते), टॉर्चला तीन, खोक्यावरच्या मजकुराला शून्य. जोडलेलं, रंगवलेलं सामान नेहमी घेणाऱ्यांनी पूर्ण सेट घ्यावा, बाकीच्यांनी नुसतं भिंग सुटं घेतलं तरी भागेल. टॉर्चच्या चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण नीट बसत नाही तेव्हा भांडी पुसायच्या ओल्या फडक्याशेजारी ठेवू नका, चष्मा टॉर्च चालू असेपर्यंत काढू नका, आणि जुनं निघो की नवं, झिलईत शिसं असू शकतं म्हणून खात्री नसलेल्या बशीत जेवू नका.