दमट हवेचं गणित: चार्ट, एक्सेल की तयार लायब्ररी?

पुण्यातली जुलैची दुपार. ड्राय बल्ब, म्हणजे साधा थर्मामीटर, २८ अंश; वेट बल्ब, म्हणजे ओली वात गुंडाळलेला थर्मामीटर, २४. एवढ्या दोन आकड्यांवरून हवेत पाणी किती आणि उष्णता किती, हे काढायचं आहे. एसी, कोल्ड रूम किंवा ड्रायरच्या कामाला नव्याने लागलेली मुलं विचारतात, कशावर काढू? छापील सायक्रोमेट्रिक (दमट हवेच्या गुणधर्मांच्या) चार्टवर, स्वतःच्या एक्सेल शीटवर, की सायक्रोलिब, कूलप्रॉप यांसारख्या लायब्ररीवर, म्हणजे तयार सूत्रांच्या सॉफ्टवेअरवर? मी उलट विचारतो: यातलं कोण तुम्हाला हवेचा दाब विचारतं?

चार्ट विचारत नाही. भिंतीवर लावलेले बहुतेक चार्ट १०१३ हेक्टोपास्कलचे, म्हणजे समुद्रसपाटीचे असतात. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे दाब भरतो साधारण ९४८. वरच्या आकड्यांना चार्टवर दर किलो कोरड्या हवेमागे सुमारे १७ ग्रॅम पाणी आणि ७२ किलोज्यूल एन्थाल्पी, म्हणजे हवेतली एकूण उष्णता, दिसते. पुण्याच्या दाबाने हिशेब केला की पाणी १८.४ ग्रॅम आणि एन्थाल्पी ७५ होते. सापेक्ष आर्द्रता मात्र दोन्हीकडे ७२ टक्केच येते, आणि टक्केवारी जुळली की पुढे कुणी तपासत नाही.

खरा घोटाळा होतो तो सरमिसळीने. पुण्याची हवा विरळ, त्यामुळे एक किलो कोरडी हवा ०.९४ घनमीटर जागा घेते, समुद्रकाठी ०.८८. म्हणून एका घनमीटरमधलं पाणी दोन्ही हिशेबांत जवळपास सारखंच येतं, साडेएकोणीस ग्रॅम. पण मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून पुण्याचे १८.४ घेतले आणि सवयीने हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरून गुणलं, की तेच २२ ग्रॅम होतात. तेरा टक्के जास्त! मशीन तेवढं मोठं घेतलं जातं आणि पैसे गिऱ्हाइकाचे जातात. तेव्हा दाब एकदा ठरवला की घनता, पाणी, एन्थाल्पी सगळं त्याच दाबाचं घ्या.

तरीही चार्ट फेकू नका. विलिस कॅरियर यांनी १९११ साली ही सूत्रं अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनियरांपुढे मांडली, आणि हवा कुठून कुठे जाते हे डोळ्यांना दाखवणारं चार्टइतकं चांगलं साधन मला आजही माहीत नाही. डेझर्ट कूलर हवेला वेट बल्बच्या तिरक्या रेषेवरून वर-डावीकडे नेतो. नागपूरच्या मे महिन्यात ती रेषा लांबलचक असते, मुंबईत सुरू होते न होते तोच संपते. कूलर कुठे चालेल, हे गिऱ्हाइकाला समजवायला तेवढं पुरतं. ७५० आणि १५०० मीटरचे चार्टही मिळतात. महाबळेश्वरच्या कामाला १५०० चा जवळचा.

एक्सेलवर माझा सर्वात जास्त जीव आहे, कारण तिथे प्रत्येक पायरी दिसते. संपृक्त बाष्पदाब (त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावणाऱ्या वाफेचा दाब) हेक्टोपास्कलमध्ये: ६.११२ गुणिले ई चा घात, घातांक १७.६२ × तापमान ÷ (२४३.१२ + तापमान). २४ अंशांना २९.७७ येतो. त्यातून ०.०००६६२ × दाब × दोन थर्मामीटरमधला फरक वजा करा, आपल्याकडे २.५१. उरला २७.२६, हा हवेतला बाष्पदाब. मग ०.६२२ × बाष्पदाब ÷ (दाब − बाष्पदाब), म्हणजे किलोमागे किलो पाणी. एन्थाल्पी: १.००६ × तापमान + पाणी × (२५०१ + १.८६ × तापमान). चार खाने, संपलं.

यातला ०.०००६६२ हा आकडा मात्र पंख्याने वारा दिलेल्या वेट बल्बसाठी आहे. भिंतीवरच्या, वारा नसलेल्या जोडीला ०.०००८ च्या आसपास घ्यावा लागतो. पुण्याच्या पावसाळ्यात याने फार बिघडत नाही. पण नागपूरला ४३ आणि २२ असे आकडे असतील तर एकाने ८.३ ग्रॅम येतात आणि दुसऱ्याने ६.४. आणि वात! मलमलीची वात बोअरच्या जड पाण्याने कडक, पिवळट झाली की वेट बल्ब वर चढतो आणि हवा आहे त्याहून दमट दिसते. तिथे कोणतंच साधन वाचवत नाही. डिस्टिल्ड पाणी वापरा, वात बदलत राहा.

लायब्ररी घ्यायची ती वर्षभराच्या ताशी नोंदी, म्हणजे ८७६० ओळी, एकदम चालवायच्या असतील तेव्हा. सायक्रोलिब पायथन, जावास्क्रिप्ट आणि एक्सेलमध्येही चालते. कूलप्रॉप हवेचं आदर्श वायूपासूनचं विचलनही धरते. साध्या दाबाला त्याने अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडतो, आपला सेन्सरच दोन-तीन टक्के इकडेतिकडे असतो. कॉम्प्रेस्ड एअरच्या ड्रायरला मात्र कूलप्रॉपच घ्या. तिला तापमान केल्विनमध्ये आणि दाब पास्कलमध्ये लागतो; आर्द्रता दोघींना ०.७२ अशी द्यायची, ७२ नव्हे.

नवख्याने आधी शीट स्वतः रचावी, चार्ट शेजारी ठेवावा आणि लायब्ररी नंतर घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. काहीही निवडलं तरी पहिल्याच दिवशी २८, २४ आणि ९४७.८ हेक्टोपास्कल घालून पाहा. उत्तर १८.४ ते १८.६ ग्रॅममध्ये यायला हवं. १७ च्या आसपास आलं, तर दाबाचा खाना अजून समुद्रसपाटीवरच आहे.