घरगुती रक्तदाबमापक: सहा महिन्यांच्या वापरानंतर

उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे शरीरात राहतो, म्हणून दंडावर पट्टा बांधून मोजणारे हे डिजिटल यंत्र मी घेतले. डॉक्टरांसमोर वाढणारा माझा आकडा घरी निवांत बसल्यावर खाली येतो, हे त्यामुळेच लक्षात आले. मात्र घरच्या मोजमापासाठी सामान्यतः १३५/८५ ही मर्यादा धरतात, दवाखान्यातील १४०/९० नव्हे, याचा माहितीपुस्तिकेत उल्लेखही नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

सोबतचा पट्टा माझ्या दंडाला लहान पडत होता आणि लहान पट्ट्यामुळे आकडा उगाच वाढून येतो, त्यामुळे मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजल्यास आकडे बरेच जुळतात. यंत्र धमनीतील स्पंदनांवरून दाब ठरवते. त्यामुळे हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनी केवळ त्यावर विसंबू नये. जुन्या नोंदी साठतात, ही सोय उत्तम आहे, कारण त्या पाहूनच डॉक्टरांनी गोळी वाढवण्याऐवजी आधी मीठ कमी करायला सांगितले. बीपचा आवाज तेवढा बंद करता येत नाही, आणि सकाळी लवकर मोजताना तो घरातल्या सगळ्यांना जागे करतो.