भिंतीवरचं कॅलेंडर आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल: वर्षभर वापरल्यानंतर

२०२५ हे जवळजवळ सबंध वर्ष आमचं घर भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललं. आता नवीन वर्षाचं लावून तीन आठवडे झालेत, म्हणून सगळं नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

मी डोंबिवलीत राहते आणि ठाण्याला एका पतपेढीत नोकरी करते. घरात आम्ही चौघं: मी, नवरा, बारावीतला मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. गेल्या फेब्रुवारीत सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नंतर डोळ्यात घालायच्या थेंबांचा कागद मिळाला. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन, मग दोन, असे उतरत जाणारे थेंब. शिवाय दुसऱ्या एका बाटलीचं वेळापत्रक वेगळं. मी लगेच मोबाइलमध्ये सगळे गजर लावले आणि निश्चिंत झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराचा गजर वाजला तेव्हा मी काउंटरवर होते, समोर पाच-सहा माणसांची रांग. गजर बंद केला, रांग संपवली आणि घरी फोन करायला दीड वाजला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तू सांगशील तेव्हा घालायचे."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. घरातली प्रत्येक आठवण माझ्या पर्समध्ये बंद होती, आणि मी घराबाहेर होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

घरात कालनिर्णय होतंच. स्वयंपाकघराच्या दारामागे, संकष्टीचा चंद्रोदय बघण्यापुरतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून ते मराठी घरांत आहे, आणि माझ्या माहेरीही दुधाचा हिशोब त्याच्यावरच असायचा. आई तारखेच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात लिहायची. लग्नानंतर मी हे सगळं मोबाइलवर नेलं आणि भिंतीकडे बघणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारामागून काढलं आणि फ्रीजच्या शेजारी, सासूबाईंच्या डोळ्यांच्या उंचीला लावलं. ही उंची फार महत्त्वाची आहे. माझ्या उंचीला लावलं असतं तर त्यांना मान वर करून बघावं लागलं असतं, आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला तो त्रास कशाला! लिहायला पहिल्या दिवशी बॉलपेन घेतलं. चार अक्षरांनंतर ते उमटेना. भिंतीवर लिहिताना पेनाचं टोक वर राहतं, शाई टोकाकडे उतरत नाही. मग मुलाच्या कंपासमधली नटराजची लाल-काळी पेन्सिल घेतली, मागच्या बाजूला ब्लेडने खाच पाडली, खाचेत सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक खिळ्याला. पेन्सिल खोडता येते हा फायदा आहेच. पण ती जागेवरच असते, हा त्याहून मोठा. पेन शोधायला गेलेला माणूस परत येईपर्यंत लिहायचं काय होतं तेच विसरतो.

थेंबांसाठी त्या-त्या तारखेच्या चौकटीत कोपऱ्यात ६, ४, ३ असे आकडे लिहिले. थेंब घातले की सासूबाईंनी शेजारी एक उभी रेघ मारायची. पहिले दोन दिवस त्यांची रेघ थरथरत, शेजारच्या तारखेत जायची. नंतर हात बसला. एकदा मी दारातून आत येते तोच त्यांनी मला गाठलं, "चारच्या थेंबांची रेघ कोणी मारली? मी तर अजून घातलेच नाहीत." मुलाने क्लासला जाता जाता, आजीचं काम हलकं करावं म्हणून आधीच मारून ठेवली होती. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: आधी काम, मग रेघ. हा नियम सासूबाईंनी घातला, आणि तो आजही घरात सगळ्यांना लागू आहे.

थेंबांचा कोर्स संपला तेव्हा मी पेन्सिल सोडवायला गेले. त्या म्हणाल्या, "राहू दे. दूध मी लिहीन."

दुधाचं आमचं असं आहे: अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या रोज. दोन आल्या तर काही लिहायचं नाही. एकच आली तर १, जास्त आली तर ३, आलीच नाही तर फुली. वेगळं घडलं तेवढंच लिहायचं. आधी मी रोजचं लिहायला बघायचे आणि चौथ्या दिवशी कंटाळायचे. महिनाअखेरीला दूधवाल्या दादांचा आकडा आणि आमचा आकडा यांत तीन पिशव्यांचा फरक पडायचा, आणि मग जिन्यात उभं राहून "त्या दिवशी नाही का आम्ही गावाला" वगैरे सुरू व्हायचं. आता सासूबाई त्यांना आत बोलावून कॅलेंडर दाखवतात. वाद नाही. दोनदा तर आमच्याकडूनच एका पिशवीचे पैसे जास्तीचे द्यायचे निघाले आणि सासूबाईंनी ते आठवणीने दिले.

कामाला येणाऱ्या मावशींचे खाडे मात्र मी भिंतीवर लिहू दिले नाहीत. सुरुवातीला नवऱ्याने दोन लिहिले होते, ते खोडले. त्या रोज त्याच भिंतीसमोर भांडी लावतात. माणसाच्या नजरेसमोर त्याच्या रजा टांगून ठेवणं मला बरं वाटत नाही.

बाकी काय लिहितो? गॅसचा सिलिंडर लावला ती तारीख. १४.२ किलोचा सिलिंडर आमच्याकडे साधारण पाच आठवडे जातो हे मला सहा महिन्यांच्या नोंदींवरून पहिल्यांदा कळलं, आता चौथ्या आठवड्यात नंबर लावते. लोकलचा पास संपायची तारीख. पीपीएफमध्ये पैसे ५ तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, म्हणून ३ तारखेला "पीपी". बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी, ती तर मला ग्राहकांनाच रोज सांगावी लागते.

एक गोष्ट शिकायला मला वेळ लागला. शेवटची तारीख लिहून उपयोग नसतो, हातपाय हलवायची तारीख लिहायची. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी पंधराच्या पट्टीत येते. मी आधी "गोळ्या संपतात" असं लिहायचे, आणि तो दिवस नेमका रविवार संध्याकाळ निघायचा. आता नवीन पट्टी फोडली की अकरा दिवस पुढे मोजून तिथे "गो" लिहिते. त्या दिवशी हातात चार गोळ्या असतात, आणि तेवढ्या चार दिवसांत घरातलं कोणीही औषधाच्या दुकानावरून जातं. बहुतेक वेळा मुलगाच आणतो. त्याला कोणी सांगत नाही. पाणी घ्यायला फ्रीज उघडतो, नजर पडते, जाताना घेऊन येतो. "मला सांगितलं नाहीस" हे वाक्य गेल्या वर्षात आमच्या घरात जवळजवळ ऐकू आलं नाही. माझ्या डोक्यावरचा सगळ्यात मोठा भार हा होता. कामं मी पूर्वीही करत होते, पण सगळ्यांना सगळं सांगत राहायचं कामही माझंच होतं.

दर रविवारी दिवेलागण झाली की मी आणि सासूबाई दहा मिनिटं कॅलेंडरसमोर बसतो. त्या खुर्चीवर, मी पाटावर. येणारा आठवडा वाचतो, राहिलेलं पुढे ढकलतो. त्या तिथी वाचतात, मी बिलं वाचते. कधी मागच्या पानावरचा एखादा लेख किंवा पाककृती वाचून दाखवते. हे चुकलं तर सोमवारची सकाळ लगेच जाणवते, डब्यापासून पासापर्यंत सगळं एकमेकांत अडकतं.

यंदाचं उदाहरण देते. या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गेल्या वर्षी २७ ऑगस्टला आलेले गणपती यंदा १४ सप्टेंबरला आहेत. आमचं गाव कुडाळजवळ. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. म्हणून शनिवार १२ सप्टेंबरच्या गाडीसाठी १४ जुलैच्या चौकटीत "कुडाळ, सकाळी ८" असं आत्ताच लिहून टाकलं आहे. जुलैचं पान उघडून तिथे लिहिताना मला खरोखर हलकं वाटलं. सहा महिने ते डोक्यात घेऊन फिरायची गरज उरली नाही.

आता अडचणीही सांगते. भिंतीवरचं कॅलेंडर सोबत नेता येत नाही. त्यासाठी दर रविवारी पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते, तेवढ्यापुरता मोबाइल हवाच. तारीख-तिथी-सण छापल्यावर चौकटीत लिहायला बोटभरच जागा राहते, म्हणून शब्द तोकडे करावे लागतात. आमचे ठरलेत: सि, दू, गो, पा, पीपी. पाहुण्यांना काही कळत नाही, आम्हाला सगळं कळतं. पंख्याच्या वाऱ्याने पान फडफडतं, त्याला खाली कपड्यांचा चिमटा लावा. आणि फोडणीच्या जवळ अजिबात लावू नका, गेल्या मे महिन्याच्या पानावर हळदीची चार बोटं आहेत ती अजून तशीच आहेत.

दुकानांतून दिवाळीच्या सुमारास फुकट कॅलेंडरं मिळतात, त्यातलं एक मी मधल्या खोलीत लावून बघितलं. वर अर्ध्या पानावर देवाचा फोटो, खाली दुकानाचं नाव ठळक, आणि तारखा नखाएवढ्या. लिहायचं कुठे? शिवाय फोटो देवाचा, त्यामुळे वर्ष संपल्यावर टाकताही येत नाही. लिहिण्यासाठी हवं असेल तर विकतच घ्या. शंभराच्या आत येतं.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही जुन्यावरून नव्यावर तारखा उतरवल्या. वाढदिवस, विम्याचा हप्ता, गाडीचं पीयूसी, सासऱ्यांचं श्राद्ध. श्राद्ध तिथीने येतं, तारीख दर वर्षी बदलते, ते सासूबाईंनी पानं उलटून स्वतः शोधलं आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. रेघ आता थरथरत नाही.

विकत घेताना एवढंच बघा: पान उलटल्यावर कागद मागून आरपार दिसत नाही ना, आणि पेन्सिल खोडल्यावर फाटत नाही ना. स्टेशनबाहेरून घेतलंत तर गुंडाळून आणा, घडी घातली की ती घडी वर्षभर चौकटींच्या मधोमध राहते. पेन्सिल एचबीच घ्या. सुतळी कोपरापासून मनगटापर्यंत लांब ठेवा, म्हणजे अगदी खालच्या ओळीतल्या तारखांपर्यंत पोचते.