‘न वापरलेल्या’ ट्यूब: चोवीस टीव्हींच्या व्हिडिओ शिल्पात झालेली फसवणूक

पुण्यातल्या एका खासगी संग्रहात २४ टीव्हींचं एक व्हिडिओ शिल्प आहे. २१ इंची, काचेच्या पिक्चर ट्यूबचे जुने संच लोखंडी सांगाड्यात रचलेले, आणि तीन चित्रफिती प्रत्येकी आठ पडद्यांवर. उभारणी आणि तीन वर्षांची देखभाल एकाच कंत्राटदाराकडे होती. उद्घाटनाच्या संध्याकाळी सगळे पडदे झळझळीत होते आणि लगेच पूर्ण बिल चुकतं झालं. वर्ष उलटायच्या आत निम्मे पडदे मंदावले. पांढरा रंग कुठे पिवळट, कुठे हिरवट. मागची झाकणं उघडल्यावर जे सापडलं ते इथे तपशिलात देत आहोत, कारण अशी कामं करून घेणाऱ्या कुणाचीही याच पद्धतीने फसगत होऊ शकते.

बिलात लिहिलं होतं: ‘न वापरलेला जुना साठा’. पिक्चर ट्यूब बनणं केव्हाच थांबलंय, त्यामुळे असा साठा दुर्मिळ आहे आणि महागही. प्रत्यक्षात बसवलेले संच भंगारातले होते आणि त्यांच्या थकलेल्या ट्यूब ‘बूस्ट’ केलेल्या होत्या. ट्यूबच्या मानेतला हीटर कॅथोड तापवतो आणि तापलेला कॅथोड चित्र उमटवणारे इलेक्ट्रॉन सोडतो. या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. काही संचांत मानेवरच्या सॉकेटपाशी छोटा बूस्टर ट्रान्सफॉर्मर लावला होता. काहींत हीटरच्या वाटेतला रेझिस्टर शॉर्ट करून टाकला होता. हीटर जास्त तापला की कॅथोड काही काळ भरपूर इलेक्ट्रॉन सोडतो, चित्र उजळतं; मग उरलासुरला कॅथोडही कायमचा संपतो. म्हणजे ज्या ट्यूबमधून बेताच्या ब्राइटनेसवर आणखी काही काळ काम निघालं असतं, तीही हातची गेली.

हे पकडायला महागडं यंत्र लागत नाही. संच रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना चालू करा. चांगल्या ट्यूबवर साधारण १०-१५ सेकंदांत चित्र येतं आणि रंग पटकन जुळतात. थकलेल्या ट्यूबवर चित्र काळवंडलेलं, एखाद्या रंगाकडे झुकलेलं येतं आणि सावरायला मिनिटभर किंवा त्याहून जास्त घेतं. मग कॉन्ट्रास्ट वाढवा: पांढऱ्या भागांवर चंदेरी झाक आली, कडा पसरल्या, तर गन, म्हणजे ट्यूबमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, संपत आलेली आहे. कंत्राटदार पाहणीच्या तासभर आधीच सगळे संच लावून ठेवतो तो यासाठीच. पोहोचल्यावर संच गरम लागले तर त्या दिवशी पाहणी करूच नका.

दुसरी खूण पडद्यावरच असते. पूर्ण करडा सिग्नल सोडा आणि कोपरे बघा. वर्षानुवर्षं बातम्यांचं चॅनल चाललेल्या संचावर लोगोचा आणि खालच्या पट्टीचा डाग जळून बसलेला असतो. झाकण उघडलं तर अॅनोडच्या, म्हणजे ट्यूबला उच्च व्होल्टेज मिळतं त्या जोडाच्या, रबरी टोपीभोवती काळी धूळ दिसते. विजेचं उच्च व्होल्टेज ती ओढून घेतं. झाकण मात्र जाणकार मेकॅनिककडूनच उघडून घ्या. संच बंद केल्यावरही अॅनोडवर हजारो व्होल्ट टिकून राहतात. ते आधी ट्यूबच्या बाहेरच्या अर्थ-वेणीवर उतरवावे लागतात, मगच हात घालायचा. हीटरचं व्होल्टेज मोजायचं असेल तर वेगवान स्पंदांचंही खरं परिणामी व्होल्टेज दाखवणारा ट्रू आरएमएस मीटर वापरा. बहुतेक संचांत हीटरला एलओटीमधून (उच्च व्होल्टेज बनवणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) स्पंदांच्या रूपात पुरवठा होतो आणि साधा मल्टीमीटर तिथे चुकीचा आकडा दाखवतो. कंत्राटदाराने त्याच चुकीच्या आकड्याचा फोटो ‘तपासणी अहवाल’ म्हणून जोडला होता.

विजेच्या कामातली लबाडी सर्वांत धोकादायक होती. प्रत्येक संच सुमारे ९० वॅट, म्हणजे एकूण २.२ किलोवॅटच्या आसपास, २३० व्होल्टवर १० अँपिअरच्या आतबाहेर. पण चालू होताना प्रत्येकाची डीगॉसिंग कॉइल (पडद्यावरचं चुंबकत्व घालवणारी वेटोळी) क्षणभर कित्येक अँपिअर ओढते, आणि चोवीस एकदम लागले की १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो. करारात चार-चार संच काही सेकंदांच्या अंतराने सुरू करणारे टायमर रिले होते आणि बिलही त्यांचं लावलं होतं. प्रत्यक्षात एमसीबी काढून ३२ अँपिअरचा बसवलेला, वायर तीच २.५ चौरस मिलिमीटरची. जास्त भार आला असता तर एमसीबी पडण्याआधी वायर तापून तिचं आवरण वितळू शकलं असतं. शिवाय हवा खेळायच्या फटी दिसायला बऱ्या वाटाव्यात म्हणून प्लायने बुजवल्या होत्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं, त्यामुळे पॉवर सप्लायही एकामागून एक गेले.

तिन्ही चित्रफिती एकाच तालात चालवणारी ‘सिंक यंत्रणा’ म्हणून मोठी रक्कम लावली होती. निघाले तीन स्वस्त यूएसबी प्लेअर, एकमेकांशी कसलीही जोडणी नसलेले. असे प्लेअर एकत्र सुरू होतात, पण चित्रफीत पुन्हा सुरू होताना प्रत्येकाचा विराम वेगळा असतो आणि फरक साचत जातो. फ्रेम-क्रमांक पळणारी चाचणी फीत तिन्हींवर लावा, दोन-तीन तासांनी सगळे पडदे एकाच फोटोत घ्या. २५ फ्रेमच्या चित्रात एका आकड्याचा फरक म्हणजे ४० मिलिसेकंद.

मूळ फाइलींच्या नावाने परत मिळाल्या त्या पुन्हा कॉम्प्रेस करून काढलेल्या, ६४० बाय ४८० पिक्सेलच्या. कलाकाराने ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी चित्र रंगवणाऱ्या, जुन्या टीव्हीच्या पद्धतीच्या) दिल्या होत्या. मीडियाइन्फो या मोफत साधनात हे लगेच दिसतं. कलाकाराकडून फाइल घेतानाच चेकसम, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, काढून ठेवा आणि कंत्राटदाराच्या हाती फक्त प्रत द्या.

जुना भाग बदलणं म्हणजे फसवणूक, असं आमचं म्हणणं नाही. व्हिडिओ कलेचे प्रवर्तक नाम जून पाइक यांचं १००३ मॉनिटरचं १९८८ मधलं शिल्प दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयात, ग्वाचन इथे आहे. ते २०१८ मध्ये सुरक्षेसाठी बंद केलं आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. ७३७ ट्यूबचे मॉनिटर दुरुस्त केले किंवा वापरलेले आणून बदलले. वरच्या छोट्या २६६ जागी एलसीडी पॅनेल बसवले. हे सगळं जाहीर सांगून केलं. पुण्यातल्या कंत्राटदाराने ट्यूब ‘वापरलेल्या’ असं सांगून वापरलेल्याच भावाने दिल्या असत्या, तर तक्रारीला जागा नव्हती.

देखभालीचा करार ‘सर्वसमावेशक’ होता आणि शेवटच्या पानावर ‘पिक्चर ट्यूब व एलओटी वगळून’ अशी ओळ. अशा शिल्पात हेच दोन भाग सर्वांत महाग आणि जाणारे. वर्क ऑर्डरमध्ये या दोन्हींचं नाव घालून जबाबदारी लिहून घ्या. प्रत्येक संचाचा आणि ट्यूबचा अनुक्रमांक बिलावर हवा, सोबत दोन तपासून दिलेल्या सुट्या ट्यूब. बिलाचा एक भाग निदान सहा महिने रोखून ठेवा, आणि थंड चाचणी दुसऱ्यांदा झाल्यावरच सोडा. फसगत झालीच असेल तर काढलेल्या ट्यूब, बूस्टर आणि एमसीबी कंत्राटदाराला ‘दुरुस्तीसाठी’ नेऊ देऊ नका. जागेवरच अनुक्रमांकासह फोटो काढा, पंचनामा करा आणि वस्तू कुलपात ठेवा. पुण्याच्या या प्रकरणात त्या कंत्राटदाराकडे परत गेल्या आणि दाव्यासाठी हातात फक्त बिलं उरली.